वाशिमच्या चियाचं पुडिंग वाशिममध्येच का नको?

इथे परदेशात आपल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला हल्ली चिया पुडिंगची एक तरी बरणी असतेच. नारळाचं दूध, वर चार ब्लूबेऱ्या आणि करणारीचं ठरलेलं वाक्य : ‘यात साखर अजिबात नाही हं.’ ती बरणी शेवटी अर्धी उरते, हेही ठरलेलंच. माझं भांडण दोघांशी आहे. ते पुडिंग औषधासारखं गिळणाऱ्या इथल्या मंडळींशी, आणि तेच बी पोत्यानं पिकवून जिभेला न लावणाऱ्या माझ्या माहेरच्या मंडळींशी.

माहेर वाशिम जिल्ह्यातलं, रिसोडकडचं. रब्बीत आमच्या वावरात गहू नाहीतर हरभरा ठरलेला. आता त्यातल्या काही भागात चिया असतो. कारणं व्यवहाराची आहेत : पाणी कमी लागतं, खर्च कमी येतो आणि हरभरा फस्त करणारी रानडुकरं नि रोही या उग्र वासाच्या झाडाच्या वाटेला फारशी जात नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं की साधारण चार महिन्यांत पीक हाती येतं. आधी माल थेट मध्य प्रदेशात नीमचला न्यावा लागे; आता वाशिमच्या बाजार समितीतच चियाची खरेदी होते. हे सगळं चांगलंच झालं. पण गेल्या खेपेला मी वहिनीकडे वाटीभर बी मागितलं, तर ती म्हणाली, “ताई, हे इकाले हाय, खाले नाई.”

सोयाबीनचं हेच झालं होतं. जिल्हाभर सोयाबीन पेरलं गेलं, तेल गिरणीत गेलं, पेंड कोंबड्यांना गेली आणि पिकवणाऱ्याच्या ताटात त्याचा एक पदार्थ रुजला नाही. तुरीचा भाव पडला तर निदान वर्षाची डाळ घरात राहते. ज्याची स्वयंपाकघराला ओळखच नाही, त्याचा भाव पडला की ते पोतं नुसतं जागा अडवतं.

कुणी म्हणेल, घरोघरी वाटीभर पुडिंग खाल्ल्यानं का बाजारभाव हलणार आहे? नाही हलणार. पण खाणाऱ्याला मालाची पारख येते. हे बी तिळाहूनही बारीक. त्यात वाळूचा कण राहिला तर डोळ्यांना दिसत नाही, दाताखाली मात्र लगेच कळतो. खळ्यावर ताडपत्री का अंथरायची, हे शंभर सूचनांपेक्षा अशा एका घासात पटतं.

दुसरा आक्षेप इथल्या मैत्रिणींचा : म्हशीचं दूध आणि गूळ घातल्यावर ते खरं चिया पुडिंग राहतं का? खरं म्हणजे कुठलं? चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाचा, तुळशीच्या कुळातला. अ‍ॅझ्टेक लोक मका आणि घेवड्याबरोबर तो पिकवत, खंडणीतही घेत. त्यांच्याकडे दुभती गाय-म्हैस नव्हतीच. मेक्सिकोत आजही चिया लिंबूपाण्यात भिजवून पितात. अमेरिकेनं तर 1982पासून तो मातीच्या मेंढ्यांच्या अंगावर लोकरीसारखा उगवायला वापरला आणि लाखांनी ते खेळणं विकलं. दुधातलं पुडिंग ही पुढची, हेल्थ-फूडवाल्यांची करामत. मूळ चवीची एवढी चाड बाळगण्याजोगं त्यात काही नाही.

तेव्हा वाशिमसाठी माझी पद्धत अशी. म्हशीचं दूध तापवून पूर्ण गार करायचं. एक कप दुधाला पाव कप चिया. गूळ बारीक किसून गार दुधातच विरघळवायचा. उकळत्या दुधात घातला तर दूध नासायची भीती. चिया घालून ढवळायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा ढवळायचं. हे दुसरं ढवळणं टाळलं की बी तळाशी बसून त्याचा गोळा होतो, आणि तो मग चमच्यानं फोडत बसावा लागतो. सबजा काही मिनिटांत फुगतो, याला वेळ लागतो, म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी जायफळ. संत्र्याच्या फोडी सोलून अगदी खाताना वर ठेवायच्या, आधीपासून दुधात नकोत. कोरडं बी तोंडात टाकून वर पाणी पिण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. ते घशात फुगून अडकू शकतं.

माझ्या वृद्ध काकूनं पहिल्या चमच्यालाच निकाल दिला : आळिवाच्या खिरीसारखं लागतं. बरोबरच आहे. आळीवही भिजला की असाच बुळबुळीत होतो, आणि बाळंतिणीला तो आपण पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घातलाय. मेक्सिकोच्या बियाशी जमवून घ्यायला वऱ्हाडी जिभेला फार कष्ट नाहीत.

चिया गुणी आहे. त्यात तंतू आहेत, ओमेगा-3 आहे. पण चमचाभर खाल्ल्यानं आयुष्य बदलतं, असं पाकिटावर लिहिलेलं मी तरी मनावर घेत नाही. गोड पदार्थ गोडच करावा.

तेव्हा यंदा डिसेंबरात वाशिम, रिसोड, मालेगावकडे जाणाऱ्यांना एक विनंती. घरात चिया पिकत असेल तर पोत्यातून दोन वाट्या काढा, निवडा, आणि गुळाला हात आखडता न घेता पुडिंग करून सगळ्यांना वाढा. इथून पाकीट मात्र नेऊ नका. पाठीमागे वाचून बघा, ते बहुधा पॅराग्वे नाहीतर बोलिव्हियाचं असेल.