सावकार कोण आणि चाचा कोण?

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी, स्लीपी हॉलो नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथे फिलिप्सबर्ग मॅनर नावाचा जुना दगडी वाडा, त्याच्या शेजारची पाणचक्की आणि समोरचे तळे आजही जपून ठेवले आहे. सहली जातात, छायाचित्रे काढली जातात. ज्याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते तो फ्रेडरिक फिलिप्स सुतारकाम करीत न्यूयॉर्कला आला आणि मरतेसमयी त्या वसाहतीतील सर्वांत धनाढ्य व्यापारी म्हणून गणला गेला. १६९३ मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेने त्याला जहागिरीची सनद दिली. गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात तो बसत असे. त्याला कोणी चाचा म्हणत नाही.

आणि आमच्या कोकणात? अलिबागच्या कुलाब्यावर, विजयदुर्गावर, खांदेरीवर ज्याने पाव शतकाहून अधिक काळ इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना धाकात ठेवले, छत्रपतींच्या सनदेने जो सरखेल झाला, त्या कान्होजी आंग्र्यांच्या नावापुढे इंग्रजी ग्रंथांनी ‘चाचा’ हे विशेषण चिकटविले ते आजतागायत सुटलेले नाही. क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘चाचा आंग्रे’ असा उल्लेख केला. १९०७ मध्ये बिडल्फने ‘मलबारचे चाचे’ या नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात आंग्रे घराण्याला मानाचे पान दिले. हॉलिवूडने तर २००७ च्या एका चित्रपटात ‘श्री संभाजी’ नावाचा हिंदी महासागराचा चाचेप्रमुखच उभा केला! कान्होजींच्या सरखेल झालेल्या पुत्राचे नाव संभाजी होते, हे त्या चित्रपटाला टाळ्या वाजविणाऱ्या किती मराठी प्रेक्षकांच्या ध्यानात आले असेल?

तेव्हा एकदा हिशेब मांडू या. तोही त्यांच्याच दप्तरातून.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर अ‍ॅडम बाल्ड्रिज नावाच्या इसमाने ठाणे मांडले होते. तांबड्या समुद्रात आणि भारताच्या किनाऱ्यावर लूट करणाऱ्या चाच्यांना तेथे अन्न, दारू, बंदुकीची दारू आणि निवारा मिळे. हा माल पुरवीत होता कोण? हडसनकाठचा हाच प्रतिष्ठित फिलिप्स. बाल्ड्रिजने पुढे स्वतःच दिलेल्या जबानीत १६९३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या फिलिप्सच्या जहाजावरील मालाची यादी आहे. जोडे, मोजे, टोप्या, मद्य, कुदळी, बागेचे बियाणे आणि, वाचकहो, मुलांची धर्मशिक्षणाची पुस्तके व बायबलच्या दोन प्रती! परतीच्या फेरीत त्या जहाजावर काय चढले, तेही लिहिलेले आहे : ११०० चांदीची नाणी, ३४ गुलाम, १५ गुरे आणि लोखंडाच्या ५७ कांबी. माणसे आणि गुरे एकाच यादीत. न्यूयॉर्कला दोन शिलिंगांना मिळणारे गॅलनभर रम सेंट मेरीवर तीन पौंडांना विकले जाई. चाच्यांच्या हाती एवढा पैसा कोठून येत होता, हे न कळण्याइतका हा व्यापारी भाबडा होता काय? १६९८ मध्ये तपासाचा फास आवळू लागला तेव्हा त्याच्या मुलाने मादागास्करहून येणारे जहाज समुद्रातच गाठले आणि त्यावरील पौर्वात्य माल परस्पर हॅम्बुर्गच्या वाटेला लावला. प्रामाणिक व्यापाऱ्याला अशी लपवाछपवी करावी लागत नाही.

त्या काळचा न्यूयॉर्कचा गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर याची कथा तर अधिकच रंजक आहे. लूट करून आलेल्या एका जहाजाच्या खलाशांकडून माणशी शंभर नाणी घेऊन त्याने त्यांना अभय दिले. खुद्द ते जहाज त्याला नजराणा म्हणून मिळाले व त्याने ते ८०० पौंडांना विकले. ऱ्होड आयलंडचा टॉमस ट्यू हा नामांकित चाचा गव्हर्नरच्या बग्गीतून शहरात हिंडे. त्याला फ्लेचरने १६९४ मध्ये फ्रेंचांविरुद्ध लढण्याचा परवाना दिला, सोबत घड्याळही भेट दिले. पुढे जाब विचारला गेला तेव्हा फ्लेचरने उत्तर दिले की, ट्यूला शिवीगाळ करण्याची वाईट खोड होती, ती सुटावी म्हणून आपण त्याला एक पुस्तक दिले होते! दरोडेखोराच्या जिभेची एवढी काळजी आणि त्याच्या तलवारीची मात्र नाही.

हा परवाना फ्रेंचांविरुद्ध होता. ट्यू गेला तांबड्या समुद्रात. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीच्या नेतृत्वाखाली जी टोळी जमली तीत अमेरिकेतील इंग्रज वसाहतींतून आलेली पाच जहाजे होती. ट्यू त्या मोहिमेत मारला गेला. एव्हरीने मात्र सुरतेच्या अब्दुल गफूर या व्यापाऱ्याचे जहाज आणि पाठोपाठ औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ लुटले. जहाजावर हजहून परतणारे यात्रेकरू होते. स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते खाफीखानाने लिहून ठेवले आहेत. त्या वेळी औरंगजेब महाराष्ट्र गिळण्यासाठी दक्षिणेत तळ देऊन बसला होता आणि छत्रपती राजाराम महाराज जिंजीहून त्याच्याशी झुंजत होते. तो आमचा वैरी होता. परंतु शत्रूच्याही स्त्रीला हात लावू नये, ही ज्या महाराष्ट्राला शिवरायांची शिकवण आहे, त्याला त्या अबलांच्या विटंबनेचा संतापच यावा. ‘शत्रूचे जहाज बुडाले, बरे झाले’ असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमणार नाही.

एव्हरीच्या पाच साथीदारांना लंडनमध्ये फासावर चढविले, तो स्वतः मात्र नाहीसा झाला. लुटीचा काही अंश अमेरिकेत मुरला. २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील एका शेतात १६९३ सालचे येमेनी नाणे सापडले, त्याचा संबंध अभ्यासक याच लुटीशी जोडतात.

त्यानंतर आला विल्यम किड. चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी राजा तिसरा विल्यम याचा परवाना घेऊन निघालेला. त्याच्या मोहिमेचे भागीदार कोण होते? लॉर्ड सॉमर्स, अर्ल ऑफ ऑर्फर्ड, ड्यूक ऑफ श्रूजबरी, न्यूयॉर्कचा जमीनदार रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि चाच्यांचे उच्चाटन करण्यासाठी फ्लेचरच्या जागी धाडलेला नवा गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँट! हा किड १६९७ मध्ये कारवारला येऊन लाकूडफाटा व पाणी भरून गेला आणि १६९८ च्या जानेवारीत त्याने मलबार किनाऱ्यावर आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेले जहाज धरले. किडला १७०१ मध्ये फाशी झाली. भागीदार सरदारांपैकी एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

आता कान्होजींकडे वळू. त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप असा की, त्यांचे दस्तक न घेता जाणारी जहाजे ते धरीत. होय, धरीत. पण पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात हेच करीत आले होते. त्यांचे कार्ताझ घेतल्याशिवाय आमच्या व्यापाऱ्यांना स्वतःच्याच किनाऱ्यावरून जाता येत नसे. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने मोगलांची जहाजे पकडली, त्यातून सिद्दी याकूतने मुंबईला वेढा घातला आणि १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून कंपनीला औरंगजेबाची क्षमा मागावी लागली. परक्या समुद्रात येऊन परवाने देणारा तो ‘सत्ताधीश’ आणि आपल्या किनाऱ्यावर आपल्या राजाच्या सनदेने जकात मागणारा तो चाचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? कंपनीने १७१३ मध्ये कान्होजींशी तह केला, तोही एका बेवारस दरोडेखोराशी केला काय?

१७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि मार खाऊन परतले. त्या वेळी इंग्रज आरमाराचा प्रमुख कमोडोर मॅथ्यूज होता. त्याला इंग्लंडहून धाडले होते मादागास्करच्या चाच्यांचा नायनाट करण्यासाठी. घरी परतल्यावर १७२४ मध्ये राजाच्या जहाजांवरून स्वतःचा खाजगी व्यापार केल्याबद्दल तो लष्करी न्यायालयात दोषी ठरला. ‘चाच्या’ आंग्र्यांवर चालून आलेला हा सभ्य गृहस्थ!

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला तो याच सुमाराचा. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत, प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा उभा आहे, यांना समुद्रकाठी वखारीस जागा देऊ नये, असा त्यांचा आशय. हडसनकाठचा फिलिप्स अमात्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण व्यापारी, लुटारू आणि राजसत्ता यांची ती भागीदारी त्यांनी इकडे बसून अचूक ओळखली होती.

ओळखूनही उपयोग झाला नाही, हे आपले दुर्दैव आणि आपलाच दोष. तुळाजी आंग्र्यांचे वर्तन उद्दाम होते, स्वकीयांनाही त्यांचा जाच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि मराठ्यांचे आरमार बंदरातच जळाले. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीतील कोणाचा वाटा किती, हे बैठक घेऊन ठरविले होते. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो त्यांनी आपापसांत वाटून घेतला, मराठ्यांना त्यातले काही दिले नाही.

स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील नौदल तळाला ‘आय.एन.एस. आंग्रे’ हे नाव दिले. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे जलदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता तेथे जगभरचे प्रवासी येतील. त्यांच्यासाठी जे फलक, ज्या पुस्तिका लिहिल्या जातील, त्या बिडल्फच्या ग्रंथावरून उतरवून घ्यायच्या की आंग्र्यांच्या आणि कंपनीच्या मूळ कागदांवरून, हे संबंधितांनी आजच ठरवावे. आणि विजयदुर्गाच्या फलकावर १७५६ सालची ती वाटणीची बैठकही लिहावी, पेशव्यांच्या नावासकट.