शाई सुकते, टोनर सुकत नाही



घरात इंकजेट घ्यायचा की लेझर, हा पांढरपेशांच्या दिवाणखान्यातला सवाल नाही. डहाणू-तलासरीत तो हक्काचा सवाल आहे.

1945 साली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ नाकारली. तोवर कागद सावकाराचा, आंगठा वारल्याचा. वेठ गेली, कागदाचं राज्य उरलंच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाका, प्रती जोडा. पेसाखाली ग्रामसभेचा ठराव करा, प्रती द्या. वाढवण बंदराला हरकत घ्या, प्रती द्या. प्रत्येक पानाला दुकानदार पैसे मोजून घेतो.

मग पोरं स्वस्तातला इंकजेट आणतात. इथंच कंपनी गाठते! यंत्र मातीमोल, शाई सोन्याच्या भावात. महिनाभर छापलं नाही की हेडच्या बारीक भोकांत शाई सुकते. साफ करायचं बटण दाबा, ती साफसफाईही शाईच पिते. टाकीवाला घेतला तर शाई स्वस्त पडते, कबूल. पण सुकायचं दुखणं तेच. त्यात साधी रंगीत शाई पाण्यानं फुटते. पावसात भिजलेला दावा कोण साहेब वाचणार?

लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची कोरडी पूड. उष्णतेनं वितळून कागदाला चिकटते, पाण्यानं वाहत नाही. सहा महिने बंद ठेवा, सुकत नाही. त्याचीही खोट सांगतो. तापताना वीज एकदम खेचतो, लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. डहाणूत 500 मेगावॉटचं केंद्र, तरी पाड्यावरची बत्ती जातेच! म्हणून वीज असेल तेव्हा छापून ठेवा. कागद दमट झाला तर अडकतो, तो पिशवीत बांधून ठेवा. किंमत जास्त? दहा घरांनी वर्गणी काढा, साधा काळा-पांढरा घ्या.

रंग नाही म्हणून रडू नका. वारली बायांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, एका रंगात, अख्खं जग मांडलं. फोटोच छापायचे असतील तर खुशाल इंकजेट घ्या. दाव्याला काळं अक्षर पुरतं.

1920 साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं छापली नाही. बाबासाहेबांनी हात जोडले नाहीत, आपली पत्रं काढली, पुढं आपला छापखाना उभा केला. पुढच्या पोरांनी सायक्लोस्टाईलवर अंक काढले. आज तोच छापखाना टेबलावर मावतो. तो कंपनीच्या शाईला गहाण टाकायचा की वस्तीच्या मालकीचा करायचा, बोला!

जय भीम! जोहार!