डाकसेवक आजारी पडला तर?

हिंगोली (प्रतिनिधी) : सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतील खेड्यांत टपाल पोहोचविण्याची भिस्त ग्रामीण डाकसेवकांवर आहे. मात्र टपाल खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांत त्यांची गणना होत नाही.

त्यांना वेतन नव्हे, तर कामाच्या तासांशी निगडित भत्ता मिळतो. मे २०१८ मधील देशव्यापी संपानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने चार तासांच्या कामासाठी किमान मूळ भत्ता १० हजार रुपये, तर शाखा डाकपालांसाठी १२ हजार रुपये ठरविला.

रजेचा प्रश्न याहून बिकट आहे. वर्षाला २० दिवस सवेतन आणि ५ दिवस तातडीची रजा मिळते. पाय मोडून दोन महिने अंथरुणाला खिळावे लागले, तर उरलेले दिवस भत्त्याविना काढावे लागतात. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे छत्रही त्यांना नाही. कल्याण निधीतून साहाय्य मिळू शकते. पण साहाय्य म्हणजे हक्क नव्हे.

वास्तविक, तेव्हा 'खातेबाह्य' म्हटल्या जाणाऱ्या या सेवकांचे पद मुलकी असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच राजम्मा खटल्यात दिला होता. तरीही आठ तासांचे काम, निवृत्तिवेतन व वैद्यकीय सुविधा यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. एप्रिल २०२० मध्ये कर्तव्यावर असताना कोरोनाने मृत्यू आल्यास १० लाख रुपये देण्याच्या निर्णयात डाकसेवकांचाही समावेश झाला. मृत्यूनंतर जो खात्याचा माणूस ठरतो, तो आजारपणात परका का, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.