‘परत गेलं की येईलच मराठी’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी

पोस्ट मोठी आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, थोडा राग यावा म्हणूनच लिहितेय.

आयटी, एनएचएस नाहीतर पीएचडीच्या निमित्ताने यूकेत आलेल्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य दिवसातून दहादा बोललं जातं: ‘आपण कुठे कायमचे राहणार आहोत इथे?’ या वाक्यावर आपण जुना सोफा घेतो, दोन कढया आणि एका कुकरवर संसार चालवतो, भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा लॉफ्टमध्ये तयार ठेवतो. त्याला माझी काही हरकत नाही. जुन्या सोफ्यावर बसून कोणाचं वाईट झालेलं नाही. पण हेच वाक्य आपण मुलांच्या मराठीलाही लावतो, तिथे माझं भांडण आहे. ‘दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, आत्ता त्याचं इंग्रजी पक्कं होऊ दे. परत गेलं की मराठी काय, येईलच.’

नाही येत. निदान आपोआप तरी येत नाही.

मूल तीन वर्षांचं असताना आलात आणि सातव्या वर्षी परत गेलात, तर तुमच्या आयुष्यातली ती फक्त चार वर्षं. मुलाचं बोलतं आयुष्य जवळजवळ तेवढंच! त्या वयात भाषा जशी भराभर येते तशी भराभर जातेही. नर्सरीत घातल्यावर सहा महिन्यांत पोरं घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचे व्हिडिओ काढून कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकलेत.

बरं, ही दोन वर्षं दोनच असतात का? कंपनीच्या बदलीवर आलेल्यांचा जो व्हिसा आहे, आधी आयसीटी म्हणायचे, २०२२ पासून ग्लोबल बिझनेस मोबिलिटी, त्याची कमाल मर्यादा पाच वर्षं, पगार बराच जास्त असेल तर नऊ. त्यावर कायमचा मुक्काम मिळत नाही, म्हणजे परत जाणं कायद्यानेच लिहून ठेवलंय. स्किल्ड वर्करवाले पाच वर्षांनी आयएलआर म्हणून बोटं मोजत होते, तर मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने दहा वर्षांची भाषा काढली. तेव्हा आपण राहणार की जाणार हे आपल्यालाच ठाऊक नाही. पण ते ठरेपर्यंत मूल काही वाढायचं थांबत नाही.

समजा, गेलात परत. महाराष्ट्रात २०२० चा कायदा आहे. शाळा सीबीएसईची असो नाहीतर आणखी कुठल्या बोर्डाची, मराठी हा सक्तीचा विषय. मधेमधे सवलती निघाल्या, पण विषय टळलेला नाही. इथे जे मूल वर्गातलं सगळ्यात चांगलं वाचणारं होतं, तेच तिथे चौथीत ‘ण’ आणि ‘न’ पाशी अडतं. पण मार्कांचं जाऊ दे, ट्यूशन लावून ते भागतं.

माझ्या ओळखीतलं एक कुटुंब चार वर्षं राहून पुण्याला गेलं. मुलगी नऊ वर्षांची. आजोबा जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झालेले, गप्पिष्ट माणूस, नातीची चार वर्षं वाट पाहिलेली. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला विहिरीत पोहायला शिकल्याची गोष्ट सांगितली. ती मान डोलवत राहिली. मग तिने आईकडे बघून विचारलं, ‘व्हॉट इज ही सेइंग?’ त्यानंतर आजोबा तिच्याशी इंग्रजी बोलायला लागले. कम, सिट, ईट. तेवढंच येत होतं. महिन्याभराने तेही थांबलं. आपलं इंग्रजी नातीपुढे चुकतं याची त्यांना लाज वाटायला लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, सत्तरीतल्या माणसाला त्याच्याच नातीपुढे बोलायची लाज! ते कुटुंब म्हणतं, होईल हळूहळू. होईलही. पण आजोबांकडे हळूहळूला वेळ किती आहे?

आता उलट धरू. समजा, इथेच राहिलात. मग तर मराठी आणखी लागणार. आईवडिलांना कायमचं इथे आणायचा जो रस्ता होता तो जुलै २०१२ च्या नियमांनी इतका अरुंद केलाय की त्यातून जवळजवळ कोणीच जात नाही. रोजची अंगमेहनतीची काळजी घ्यावी लागतेय आणि ती भारतात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करायचं. राहिला व्हिजिटर व्हिसा. दहा वर्षांचा काढला तरी एका वेळेस सहा महिने. म्हणजे आजी-आजोबा आपल्या मुलांच्या आयुष्यात असणार ते मुख्यतः फोनवर. समोर असताना भाषा कच्ची असली तरी भागतं. मांडीवर बसता येतं, एकत्र लाडू वळता येतात. फोनवर भाषा सोडून दुसरं काहीच नसतं.

म्हणून रविवारचा तो कॉल असा असतो: ‘से हाय टू आजी.’ ‘हाय आजी.’ ‘काय जेवलास बाळा?’ आई बाजूने कुजबुजते, ‘शी इज आस्किंग व्हॉट डिड यू ईट.’ ‘पास्ता.’ ‘अरे वा!’ आणि मूल पळालं. आजी म्हणते, ‘लाजतो गं तो.’ आजीला सगळं कळतं. आपली लाज राखायला ती तसं म्हणते.

घड्याळही आपल्या विरोधात आहे. शाळा सव्वातीनला सुटते, हिवाळ्यात घरी येऊन बूट काढेपर्यंत बाहेर अंधार पडायला लागतो, आणि तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आजीची औषधं घेऊन आडवं व्हायची वेळ. त्यामुळे कॉल शनिवार-रविवारवर ढकलला जातो, आणि शनिवारी स्विमिंग असतं, रविवारी कोणाची तरी बर्थडे पार्टी.

मला सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या घरांत ‘आम्ही बोलतो की मराठी’ असं सांगतात, तिथे एक दिवस नुसता कान देऊन बसा. ऊठ. आवर. बूट घाल. दूध संपव. किती वेळा सांगायचं. टीव्ही बंद. गप झोप. हे सगळं मराठीत. मग रात्री पांघरुणात शिरून गोष्ट, ती इंग्रजीत. शाळेत आज काय झालं ते विचारणं इंग्रजीत. ‘आय लव्ह यू’ इंग्रजीत, ‘वेल डन’ इंग्रजीत. मूल वेडं नाही. त्याला बरोबर कळतं की एक भाषा ओरडा खायची आणि दुसरी लाडाची. मग तेरा वर्षांचं झाल्यावर ते ओरडा खायच्या भाषेत बोलत नाही म्हणून आपण उसासे टाकायचे!

आणखी एक गंमत. आपल्या लहानपणी मोठ्यांना आपल्यापासून काही लपवायचं असलं की ते इंग्रजीत बोलायचे. इथे आता आईबाप मुलांपासून लपवायला मराठीत बोलतात. व्हिसाचं टेन्शन, भारतातलं आजारपण, पैशाची चणचण, सगळं मराठीत, मुलांसमोर, बिनधास्त. हे जमतं याचाच अर्थ काय, ते ज्याचं त्याने बघावं.

आपली स्वतःची घरची आठवण मात्र आपण फार जपतो हं. साउथॉलला जाऊन कैऱ्या, हाउन्स्लोहून मिसळीचा मसाला. एप्रिल उजाडला की हापूसच्या पेट्यांचे मेसेज. २०१४ मध्ये युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदी घातली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! व्यापारी ओरडले, इथल्या खासदारांनी प्रश्न उचलला, २०१५ ला बंदी उठली. आंब्यासाठी आपण एवढं केलं. गणपतीचा हॉल भाड्याने घेतो, ढोल आणतो, पोरींना नऊवारी नेसवतो, आणि लेझीमचा ताल त्यांना ‘वन टू थ्री फोर’ने शिकवतो. ही सगळी आपली हौस आहे, आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून. करा की, मीही करते. पण मुलांना मराठी दिली म्हणून ती खात्यावर जमा धरू नका. मुलांना वडापावची आठवण येत नाही. पुण्यात सुट्टीला गेल्यावर ती आठव्या दिवशी ‘मला घरी जायचंय’ म्हणतात, तेव्हा ते घर रेडिंगचं असतं. त्यांचं घर जिथे आहे तिथे मराठी पोचवायची तर ती आपल्या तोंडूनच पोचणार, ढोलातून नाही.

आता तुमची ठरलेली उत्तरं.

‘शाळेतून सांगितलं घरी इंग्रजी बोला.’ मलाही एका पेरेंट्स ईव्हनिंगला अगदी गोड आवाजात हा सल्ला मिळाला होता. त्या बाईंचा हेतू चांगला होता, सल्ला चुकीचा होता. इथल्या स्पीच थेरपिस्टांचं जे रॉयल कॉलेज आहे त्याची भूमिका स्पष्ट आहे: दोन भाषा ऐकल्याने बोलण्यात दोष निर्माण होत नाही, आणि घरची भाषा सोडा असं पालकांना सांगू नये. इंग्लंडच्या शाळांत दर पाचांतलं साधारण एक मूल असं आहे की ज्याच्या घरी दुसरी भाषा आहे. तुमचं पोर काही जगावेगळं नाही. त्याला इंग्रजी सहा तास शाळा शिकवते, टीव्ही शिकवतो, प्लेग्राउंड शिकवतं. मराठी शिकवायला या अख्ख्या बेटावर त्याच्याकडे दोनच माणसं आहेत. त्यांनीही सोडली तर?

‘मराठीला जीसीएसई नाही, उपयोग काय?’ खरंय, नाही. गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगालीला आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती लेस्टरला उतरले, त्यांना परतीचं तिकीट नव्हतं. पण त्यांच्या लोकांनी शनिवारच्या शाळा काढल्या, मुलांना परीक्षांना बसवलं. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आपण काही काल आलेलो नाही. मुलं वर्गात बसली, संख्या दिसली, तर परीक्षेची मागणी तरी करता येईल. आज गावोगावी काही मंडळी फुकट, स्वतःचा शनिवार घालून मराठीचे वर्ग चालवतात, आणि आपण पोराला तिथे सोडताना गाडीत इंग्रजी बोलत जातो, परत येताना इंग्रजीत विचारतो, ‘व्हॉट डिड यू लर्न?’

‘वेळ कुठे आहे?’ बिफ, चिप आणि किपरला आहे ना! रोज रात्री दहा मिनिटं ती पुस्तकं वाचून घेऊन रीडिंग रेकॉर्डवर सही करतोच की आपण, कारण टीचर बघणार असते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी चित्रांसकट फुकट आहेत. सही बघणारं कोणी नाही, एवढीच अडचण.

आणि हो, शुद्धतेचं सोवळं नको. फ्रिजला फ्रिज म्हणा, होमवर्कला होमवर्क. मूल ‘मी पडलो’ऐवजी ‘मी पडला’ म्हणालं तर हसू नका, आणि पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ म्हणून तर अजिबात उभं करू नका.

तात्पुरत्या मुक्कामावर पोर वाढवणारे आपण पहिले नाही. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. नवरा आदल्या वर्षी गेलेला, हाताशी पैसा नाही. रेडिंगहून पाऊण-एक तासावर वाँटेज आहे, तिथल्या मठात राहिल्या. पुण्याला जाणार असलेल्या सिस्टरांना त्या मराठी शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी शिकायच्या. त्यांनी तिथे धर्म बदलला, पण मांसाहार करायला नकार दिला आणि मठातल्या बायकांशी पत्रांतून रोखठोक वाद घातले. त्यातला एक वाद लेकीवरून होता. मुलीला इंग्लंडमध्ये सगळं चांगलं मिळत होतं, तरी तिने आपल्या माणसांतलीच राहावं, आपल्या लोकांचं नाव निघालं की तिला कमीपणा वाटू नये, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आश्रित असताना, ज्यांच्या घरचं खात होत्या त्यांनाच. पुढे मनोरमा महाराष्ट्रात येऊन आईच्या शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. रमाबाईंकडे व्हिडिओ कॉल नव्हता आणि वर्षाला एक विमानाचं तिकीटही नव्हतं. आपण सरचार्जचे तिघांचे वर्षाला २,८४६ पाउंड भरतो आणि त्यावर तासभर चिडून बोलू शकतो. तेवढ्याच ठामपणे शाळेतल्या बाईंना ‘आम्ही घरी मराठीच बोलणार’ हे सांगायला आपली जीभ का अडखळते?

कमेंटमध्ये ‘प्रत्येकाची परिस्थिती वेगळी’ असं कोणीतरी लिहिणारच. दोघांपैकी एकाची भाषा मराठी नसेल, मुलाला खरंच काही अडचण असेल, तर गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी ही पोस्ट नाहीच. बाकीच्यांसाठी आहे.

या शनिवारी स्विमिंगच्या आधी, सकाळी आठला फोन लावा. तिकडे दुपार, जेवणं होऊन आजी निवांत बसलेली असते. फोन मुलाच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. भाषांतर करायला दारात थांबू नका. पहिल्या दिवशी चार मिनिटं शांतता असेल, मग बहुतेक आजी विचारेल, खिडकीतून काय दिसतंय रे तुझ्या?