हृदयरोगी स्त्रीची हेळसांड

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला पुरुष घरी आला म्हणजे सारे घर त्याच्या विश्रांतीला जपते. स्त्री परतते ती थेट चुलीपाशी! देखरेखीखालील व्यायाम, पथ्य व मनाला धीर यांनी पुढला धोका घटतो. तरी अशा वर्गांना धाडल्या जाणाऱ्या स्त्रिया थोड्या, टिकणाऱ्या त्याहून थोड्या. हा त्यांचा आळस खास नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडात २५२ स्त्रियांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, केवळ स्त्रियांसाठी आखलेल्या वर्गात व्यायामसत्रांची हजेरी ९० टक्के भरली. रूढ वर्गात ७७. दोष रोग्याचा नसून रचनेचा आहे. आमच्या रुग्णालयांनी असे वर्ग काढावेत; आणि घरच्या पुरुषांनी तेवढा वेळ चूल सांभाळावी!