पेट्रोलचा काटा आणि टाकीचा ठाव

वसई-विरारकडील घरांतून हल्ली मोटारसायकल ही केवळ स्टेशनपर्यंत जाण्यायेण्याची वस्तू राहिलेली नाही. शनिवार-रविवार जवळ आला की घरातील तरुण मंडळी, आणि अलीकडे मुली व सुनाही, जव्हारच्या घाटाकडे, डहाणूच्या किनाऱ्याकडे, क्वचित थेट लडाखपर्यंत जाण्याचे बेत मांडू लागतात. वडील मंडळी निघतेवेळी हेल्मेट घेतले की नाही ते विचारतात, आणि ते योग्यच होय. परंतु टाकीत पेट्रोल किती आहे, असे विचारणारे वडील विरळा; आणि विचारलेच, तर ‘काटा अर्ध्यावर आहे’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होते. ह्या उत्तरावर कितपत विसंबावे, ह्याचाच विचार ह्या खेपेस करावयाचा आहे.

मोटारसायकलचा काटा पेट्रोल मोजीत नाही. पेट्रोलच्या पृष्ठभागाची उंची तेवढी तो अदमासतो. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकास तरंगणारा लहानसा तुकडा बसविलेला असतो. पेट्रोल उतरले की तो उतरतो, दांडी फिरते, तिच्या दुसऱ्या टोकाशी विजेच्या प्रवाहास होणारा विरोध कमीजास्त होतो, आणि त्याप्रमाणे काटा हलतो किंवा पट्ट्या विझतात. टाकी जर सरळ डब्यासारखी असती, तर उंचीवरून मापाचा अंदाज बरोबर निघाला असता. पण मोटारसायकलची टाकी घोड्याच्या खोगिराप्रमाणे मधल्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसविलेली असते. वर रुंद, खाली दोन कप्प्यांत विभागलेली. वरच्या बोटभर उंचीत जितके पेट्रोल मावते तितके खालच्या बोटभर उंचीत मावत नाही. शिवाय टाकी तोंडापर्यंत भरण्याच्या आधीच तो तरंगता तुकडा वर टेकलेला असतो, त्यामुळे पहिले एक-दोन लिटर जळेपर्यंत काटा जागचा हलतच नाही. आपल्या तरुणांची जी नेहमीची तक्रार, की ‘पूर्ण’ दाखविणारी गाडी बराच वेळ पूर्णच दाखविते आणि अर्ध्याखाली मात्र भराभर उतरते, तिचे मूळ बहुधा बिघाडात नसून ह्या आकारात असते.

गाडी बाजूच्या स्टँडवर कलती उभी असली, चढावर असली किंवा नुकतीच खड्ड्यांतून आली असली, तर तीच टाकी निराळे माप सांगते. म्हणून पाहावयाचे तर सपाट जागी, गाडी सरळ उभी धरून, चावी फिरविल्यावर थोडे थांबून पाहावे. काही नव्या गाड्यांवर ‘अजून इतके किलोमीटर जाल’ असा आकडाही उमटतो. तो मागच्या थोड्या प्रवासातील खर्चावरून काढलेला अंदाज आहे. महामार्गावर संथपणे आलेली गाडी घाटात शिरली, की तो आकडा रस्त्यापेक्षा लवकर संपतो.

आपल्या वडिलांच्या पिढीस हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांच्या गाड्यांना बहुधा काटाच नसे. चेतक स्कूटर घ्या किंवा जुनी बुलेट घ्या. तिला एक तोटी असे. नेहमीच्या खुणेवर पेट्रोल संपून गाडी अडखळली की तोटी ‘रिझर्व्ह’वर फिरवावयाची, आणि पहिला पंप गाठावयाचा. टाकीत नळीची दोन तोंडे निरनिराळ्या उंचीवर असत, एवढेच त्यातील रहस्य. साधन ओबडधोबड खरे, पण ते खोटे बोलत नसे! रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० ला तर काटा मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. त्या सुमारास तोट्या मात्र गेल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धूरनियंत्रणाचे नियम लागू झाले, कार्ब्युरेटर जाऊन इंधन दाबाने फवारणारी योजना बहुतेक गाड्यांत आली, आणि तिचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या पोटातच बसला. हा पंप थंड राहतो तो त्याच्यातून व त्याच्याभोवती असलेल्या पेट्रोलमुळे. टाकी वरचेवर तळास नेली तर तो तापतो व त्याचे आयुष्य घटते. तेव्हा ‘बंद पडेपर्यंत चालवून पाहू, म्हणजे रिझर्व्ह किती ते कळेल’ हा जुन्या गाड्यांवरील प्रयोग नव्या गाडीवर करू नये.

त्याहून सोपा मार्ग आहे. शेवटची पट्टी लुकलुकू लागताच पंपावर जावे, टाकी भरून घ्यावी, आणि किती लिटर मावले ते लिहून ठेवावे. समजा, टाकी १३ लिटरची आहे व ९.५ लिटर मावले. म्हणजे लुकलुकण्याच्या वेळी ३.५ लिटर शिल्लक होते. गाडी लिटरला ३० किलोमीटर जात असेल, तर कागदावरचा पल्ला १०५ किलोमीटरचा होतो. पण शेवटचे लिटर आपले नाहीच असे धरावे. कारण चढावर किंवा वळणावर ते पंपाच्या तोंडापासून दूर सरते, किंवा पलीकडच्या कप्प्यात अडकते. म्हणजे विसंबण्याजोगे अंतर ७५ किलोमीटर. तीन-चार वेळा असे लिहिले, की आपल्या गाडीचा काटा किती फसवितो ते कळून चुकते. हिशेब मात्र लिटरचा ठेवावा, रुपयांचा नव्हे. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, तरी ‘दोनशेचे टाका’ म्हणणाऱ्यांच्या मनात जुनेच अंतर राहिले होते. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा कमी. जुन्या धाटणीच्या दुचाकींचा पल्ला त्यामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाचा २०२१ मधील अंदाज होता.

एकत्र कुटुंबात ह्या वहीचे महत्त्व अधिक आहे. गाडी एक आणि चालविणारे तिघे असले, की अंतराचा आकडा एकजण शून्यावर आणतो, दुसरा शंभराचे पेट्रोल भरतो, आणि तिसरा काट्याकडे पाहून पहाटे निघून जातो. पेट्रोल कोणी भरावयाचे ह्यावरून काका-पुतण्यांत जो अबोला होतो तो वेगळाच! चावीच्या खुंटीस एक लहान वही टांगून तीत तारीख, मीटरचा आकडा व लिटर एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या, तर दोन्ही प्रश्न सुटण्यासारखे आहेत.

पातळी किती राखावी? गावात पाव टाकीच्या खाली जाऊ नये, आणि प्रवासात अर्ध्यावर येताच पंप शोधावा, असे आमचे मत आहे. महामार्गावर पंपांस तोटा नाही. परंतु मनोरहून विक्रमगड-जव्हारकडे वळल्यावर ते विरळ होतात, म्हणून महामार्ग सोडण्यापूर्वीच भरावे. कोंडीचाही विचार हवा. २०२४ मध्ये महामार्गाच्या काँक्रीटीकरणाचे काम चालू असता घोडबंदर ते वसई ह्या टप्प्यात वाहने तासन्‌तास खोळंबत. तेथे पेट्रोल किलोमीटरवर नव्हे, घड्याळावर जळते. त्याच वर्षीच्या आरंभी, १ व २ जानेवारीस, अपघातविषयक नव्या शिक्षेविरुद्ध ट्रकचालकांनी वाहने उभी केली, मनमाडजवळील पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात, आणि महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. पाव टाकी शिल्लक असलेल्यांना रांगेत उभे राहण्याची घाई नव्हती. मनाली-लेह मार्गावर तांदीच्या पंपापाशी पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी कित्येक वर्षे प्रसिद्ध होती. त्या पाटीस भिऊन माणसे कॅन बांधून नेत. आमच्या समजुतीने खरी धास्ती वाटावी ती घराजवळच. वर्सोव्याच्या खाडीपुलावर रात्री इंजिन थांबले, तर गाडी बाजूस घेण्यास जागा नसते, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास पुढील दुचाकी थांबलेली आहे हे उशिरा कळते. मुलगा-मुलगी रात्री परतणार असेल तेव्हा टाकीची चौकशी करावयाची ती ह्यासाठी.

उलट, काठोकाठ भरण्याचा आग्रहही बरा नव्हे. पेट्रोल दर अंशास हजारात सुमारे एक भाग फुगते. १५ लिटरची थंड भरलेली टाकी उन्हात २० अंशांनी तापली तर पाव लिटरहून अधिक जागा मागते. ती जागा नसली, तर पेट्रोल तोंडातून किंवा श्वासनळीतून बाहेर पडते. नव्या गाड्यांत वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, तोही त्याने खराब होतो. म्हणून पंपाची नळी आपोआप थांबली की थांबावे. ‘१३ लिटरच्या टाकीत साडेतेरा लिटर कसे गेले?’ ह्या भांडणाचे कारणही बहुधा हेच असते. सांगितलेली धारणा ही वरची मोकळी जागा वगळून असते. तरीही शंका असेल तर पंपावरील ५ लिटरचे माप मागावे. तो ग्राहकाचा हक्क आहे, आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमास मान्य आहे.

पावसाळ्यात आपल्या भागातील गाड्यांना आणखी एक भय असते. जुलै २०१८ च्या पुरात वसईत कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. परंतु पूर नसतानाही टाकीत पाणी जाते, ते झाकणाच्या बाजूने. झाकणाभोवतीच्या खळग्यातील पाणी वाहून जाण्यास एक बारीक भोक व नळी असते. ते धुळीने बुजले, की पाणी झाकणाशी साचून आत झिरपते. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. पण ते जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंप तर तळाचेच ओढतो. टाकी जितकी रिकामी, तितके हे लवकर घडते. मे महिन्याअखेर झाकण उघडून, टाकीच्या तोंडात कापड कोंबून, त्या भोकावर चमचाभर पाणी ओतून पाहावे. ते गाडीखाली टपकले नाही, तर मेकॅनिककडून नळी साफ करून घ्यावी.