बिलात न बसणारं काम

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीचा कोड उघडा. कंपनी हिंजवडीतली असो, खराडीतली असो, नाहीतर बाणेरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चालणारी. त्यात ‘युटिल्स’, ‘कॉमन’ किंवा ‘हेल्पर्स’ नावाचं एक फोल्डर सापडतंच. घरातल्या माळ्यासारखं. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते तिथे टाकायचं, आणि आवरायची वेळ आली की सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं. गंमत अशी की अख्खं घर याच माळ्यावर उभं असतं.

या फोल्डरला आणि त्यात काम करणाऱ्यांना आपल्या धंद्यात जी वागणूक मिळते, ती मूर्खपणाची आहे आणि महागात पडणारी आहे. नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत असलेल्यांनी हे जरूर वाचावं, कारण रात्री दोनला फोन तुम्हालाच येणार आहे.

मी काम करतो ते एका कंपनीचे शेकडो-हजारो कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नवीन माणूस आला की त्याचं खातं उघडायचं, गेला की बंद करायचं, सगळ्या सर्व्हरवर पॅच चढवायचा, एक सेटिंग चारशे ठिकाणी बदलायचं. पूर्वी माणसं एकेका मशीनवर लॉगिन करून हे करायची. आता बरेच जण ‘अन्सिबल’सारखं साधन वापरतात. मायकेल डीहान यांनी ते २०१२ साली लिहिलं. नाव विज्ञानकथांमधून आलेलं आहे. उर्सुला ले ग्विन यांनी १९६६च्या कादंबरीत क्षणार्धात कितीही दूर निरोप पोचवणाऱ्या यंत्रासाठी हा शब्द घडवला होता. २०१५मध्ये रेड हॅटने अन्सिबलची कंपनी विकत घेतली, आणि रेड हॅटचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे हा विषय सातासमुद्रापलीकडचा नाही.

अन्सिबलचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यात ‘मॉड्यूल युटिल्स’ नावाचा भाग आहे आणि त्यात ‘बेसिक’ नावाची फाइल आहे. नाव बघून कुणी उघडणार नाही. पण त्यात ‘ॲटॉमिक मूव्ह’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: एक फाइल उचलून दुसरीच्या जागी ठेवायची. यात काय एवढं, असं वाटेल. पण फाइलमध्ये अर्धं लिहून झालं आणि नेमकी वीज गेली तर? ती फाइल जर ‘या मशीनवर कुणाला काय करायची परवानगी आहे’ हे ठरवणारी असेल, तर मशीन जागं झाल्यावर त्याच्या ॲडमिनलाच दाराबाहेर उभं करेल. म्हणून नवीन मजकूर आधी बाजूला पूर्ण लिहायचा आणि मग एका झटक्यात नाव बदलायचं. जगाला एकतर जुनी फाइल दिसेल नाहीतर नवी, अर्धवट कधीच दिसणार नाही. शिवाय जुन्या फाइलचा मालक, तिच्या परवानग्या, सुरक्षेची लेबलं हे सगळं नव्या फाइलवर चढवायचं. नाव बदलायचं काम एका ओळीत होतं. बाकीचं फंक्शन ‘असं झालं तर? तसं झालं तर?’ यांची उत्तरं देण्यात जातं.

त्याच भागात, मॉड्यूलने जो पासवर्ड गुप्त म्हणून जाहीर केलाय तो लॉगमध्ये उघडा पडू नये म्हणून झाकणारा कोड आहे. तो नीट चालला तर कुणाला कळतही नाही. एकदा चुकला तर पासवर्ड साध्या अक्षरांत लॉगमध्ये जाऊन बसतो, आणि लॉग किती जण वाचतात हे तुम्हाला माहीत आहे.

या कामाची एक कसोटी आहे: तीच आज्ञा दोनदा दिली तरी परिणाम एकदाच व्हावा. ‘ही ओळ फाइलमध्ये असू दे’ असं दहा वेळा सांगितलं तर ओळ एकच राहिली पाहिजे, दहा होता कामा नयेत. पहिली फेरी मध्येच तुटली तर दुसरी फेरी बिनधास्त चालवता आली पाहिजे. हे साधायला डोकं लागतं. स्क्रीनवर मिरवण्यासारखं मात्र त्यात काहीच नसतं.

इथेच खरं दुखणं आहे. आपल्या शहराचा आयटी धंदा मोठ्या प्रमाणावर तासांच्या बिलावर वाढला. अमुक क्लायंट, अमुक प्रोजेक्ट, अमुक तास. जो कोड पाच प्रोजेक्टना लागतो तो कुणाच्या बिलात टाकायचा? कुणाच्याच नाही. मग तो शुक्रवारी संध्याकाळी, दोन मीटिंगच्या मध्ये, ‘जरा बघून टाक ना’ म्हणून लिहिला जातो. मी एका ठिकाणी पाहिलेलं ॲप्रेझल आठवतं. एका सहकाऱ्याने वर्षभर खपून अशीच सामायिक लायब्ररी धडाला लावली होती. पंधरा जणांची टीम रोज तिच्यावर जगत होती. तिला मिळालेला शेरा होता: काम चांगलं, पण बिझनेसला दिसेल असं काहीतरी करा. त्याच वर्षी तिच्या लायब्ररीवर बेतलेला डॅशबोर्ड बनवणाऱ्याला बढती मिळाली.

याला उतरंड म्हणतात, आणि ती आपण घरापर्यंत आणलीय. ‘मुलगा आयटीत आहे’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘डेव्हलपमेंटला की सपोर्टला?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मावशींनी कॉम्प्युटरचा माउसही धरलेला नसतो. त्यांना हे शिकवलंय आपणच.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं उत्तर: अहो, छोटा कोड आहे, कुणीही लिहील. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी ९.३९ वाजता, आपल्या घड्याळाप्रमाणे, एक छोटीशी फाइल जगभरच्या विंडोज मशीनवर धाडली. ७८ मिनिटांत परत घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर जाऊन बसली होती. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. कारण काय निघालं? नव्या व्याख्येत २१ रकाने होते, आणि ती वाचणाऱ्या कोडला माहिती मिळत होती २० रकान्यांची. एका रकान्याचा फरक. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमने तो पकडला नाही, आणि फाइल आधी थोड्या मशीनवर पाठवून बघायचा टप्पाच नव्हता. फाइल मागे घेतल्यावरही बंद पडलेली मशीन आपोआप उठत नव्हती. असंख्य ठिकाणी माणसांना एकेका मशीनपुढे बसून ती फाइल हाताने पुसावी लागली. ही माणसं कोण? तीच, ‘सपोर्ट’वाली. या कामात चुकीचा आकार कोडच्या लांबीवर ठरत नाही. तो कोड किती मशीनवर चालतो यावर ठरतो.

दुसरं उत्तर: आपण कशाला लिहायचं, ओपन सोर्समध्ये फुकट मिळतं. मिळतं खरं. ‘एक्सझेड’ नावाचं फाइली दाबून लहान करणारं साधन असंच फुकट मिळत होतं. लासे कॉलिन नावाचा एक माणूस ते बिनपगारी, फावल्या वेळात वर्षानुवर्षं सांभाळत होता. तो थकला होता, आणि ‘लवकर करा, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या’ असा तगादा त्याच्यामागे लागला होता. मदतीला आला ‘जिया टॅन’ नावाचा कुणीतरी. त्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. हा कोड फुकट वापरणाऱ्या कंपन्यांपैकी कितींनी त्या थकलेल्या माणसाला विचारलं होतं, बाबा रे, तुला काही हवंय का?

तिसरं उत्तर सध्याचं लाडकं: आता हे एआय लिहील. लिहू दे की. मीही लिहून घेतो. पण टाइप करणं हा या कामाचा अवघड भाग कधीच नव्हता. चारशेपैकी तीस मशीननी उत्तरच दिलं नाही, तर थांबायचं की पुढे जायचं? हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. अलीकडे एका कोडमध्ये ‘पुन्हा प्रयत्न कर’ हे एकच काम करणारी तीन फंक्शनं मला सापडली. तिन्ही दिसायला नीटनेटकी, तिन्ही किती वेळा आणि किती वेळ वाट बघतात ते वेगळं. मालक नसला की माळा भरायचा वेग वाढतो, एवढंच.

विरोधकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. बरीच युटिल्स फोल्डरं खरोखरच अडगळ असतात, आणि कुणी तिथे आणखी दहा फंक्शनं ओतायला लागलं तर मीही आडवा येईन. पण नळ तुंबलाय म्हणून पाणीच फालतू आहे, असं कुणी म्हणत नाही.

नळावरून आठवलं. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून पेठांमधल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं. बांधणाऱ्यांनी वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे खाली उतरून पाहणी आणि सफाई करता येईल. शनिवारवाड्याच्या कारंज्याचं कौतुक बखरीपासून सहलीच्या पत्रकापर्यंत सगळीकडे आहे. पण नळ बांधणाऱ्याला अक्कल होती. गाळ साचणारच हे त्याने पहिल्याच दिवशी धरलं होतं, आणि उतरणाऱ्या माणसासाठी वाट ठेवली होती.

आपल्या कंपन्यांनी निदान एवढं करावं. सामायिक कोडला नावानिशी मालक द्यावा, आणि त्याच्या आठवड्यातला ठरावीक वेळ त्यासाठी राखून ठेवावा, बिलात बसो वा न बसो. कुठलाही बदल आधी पाच मशीनवर, मग पन्नासवर, मग सगळीकडे जावा. ‘अर्जंट आहे’ म्हणून हा क्रम मोडायची परवानगी कुणालाच नसावी. ॲप्रेझलमध्ये ‘या वर्षी काय बंद पडलं नाही आणि कुणामुळे’ असा रकाना असावा. आणि ऑटोमेशनने वाचवलेल्या तासांची स्लाइड क्लायंटला दाखवताना, ज्या चार जणांचं काम त्या स्क्रिप्टने काढून घेतलं त्यांना तीच स्क्रिप्ट सांभाळायला शिकवावं. मशीन कशी रुसतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असतं?

आणि तुम्ही. पुढच्या इंटरव्ह्यूत ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतील तेव्हा वर्क फ्रॉम होमचं विचाराच, पण आणखी एक विचारा: तुमचं युटिल्स फोल्डर कोण सांभाळतं? समोरचा एखादं नाव सांगेल, नाहीतर हसेल. हसला तर पगाराचा आकडा ठरवताना रात्री दोनचे फोन त्यात धरा.